उलट वाचलेल्या रेघा

तेव्हा कतारमध्ये चर्च नव्हतं. वसईकडची आम्ही काही कुटुंबं दर शुक्रवारी रय्यानमधल्या आमच्या भाड्याच्या घरात प्रार्थनेला जमायचो. कुणी कधी हटकलं नव्हतं, तरी पडदे ओढलेले आणि आवाज बेताचा. गिटार वाजवणारे अंकल नोकरी संपवून कायमचे गावी निघाले आणि गिटार माझ्या गळ्यात घालून मोकळे झाले.

"इस्पितळात सुई टोचताना तुझा हात हलत नाही. मग हे काय अवघड?" ते म्हणाले.

सुई टोचताना वीस माणसं तोंडाकडे बघत नसतात, हे त्यांना कोण सांगणार? गीताच्या सुरुवातीचे सूर मी वाजवायचे, मग सगळे गाणार. मला जमलं नाही तर मराठी गीतं बंद करून इंग्रजी कॅसेट लावायची, असं दोघा-तिघांचं आधीच ठरत होतं. या धास्तीतच मी सरावाला बसले.

अंकलनी गीताची टॅब लिहून दिली होती. सहा रेघा म्हणजे सहा तारा, आणि रेघेवरचा आकडा म्हणजे गिटारच्या दांडीवर कितव्या फ्रेटवर, कितव्या घरात, बोट दाबायचं ते. सोपं वाटलं. गिटार मांडीवर घेतली की जाड तार वर दिसते, म्हणून वरची रेघ म्हणजे जाड तार, असं मी धरून चालले. आठवडाभर ड्युटीहून येऊन बोटं सोलून घेतली. सूर भेसूर लागत होते, पण मला वाटलं, शिकाऊ हाताचं असंच असणार.

गुरुवारी निरोप घ्यायला आलेल्या अंकलनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाय, उलटं वाचतेयस तू! वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार."

मला रडूच कोसळलं. त्यांना विमान गाठायचं होतं. ते गेल्यावर मी पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली.

शुक्रवारी सगळे जमले. मी गिटार घेतली, हात बर्फासारखे गार. पहिला सूर लावणार तोच दारावर थाप पडली.  नवऱ्यानं दार उघडलं, तर घरमालक.

"गाडी हटाओ, यल्ला!" लवकर चला म्हणून तो घाई करत होता, आमच्या गाडीनं त्याची वाट अडली होती. मग त्याची नजर आत गेली. मांडलेल्या खुर्च्या, गिटार, आम्ही. "बर्थडे?"

"येस, येस," नवरा म्हणाला.

"मबरूक!" हसून त्यानं अभिनंदन केलं. नवरा गाडी काढायला त्याच्यामागे गेला.

दार लागलं, पण गायला कुणाचा आवाज फुटेना. कॅसेटवाल्यांचे चेहरेसुद्धा पांढरेफटक. "आज राहू दे," कुणीतरी पुटपुटलं.

मी बारीक तारेवर बोट ठेवलं. हात थरथरतच होता, पण सूर लागला. मग पुढचा. घाबरत घाबरत वाजवायचा सराव त्या खोलीत फक्त मलाच होता.