क्लोईला भरवलेला वरणभात

मेलबर्नमधल्या मैत्रिणींनो, तुम्हाला एक विचारायचंय, म्हणून लिहितेय.

मी इथे एका फ्रेंच कुटुंबात ओ पेअर आहे, म्हणजे त्यांच्याच घरी राहून त्यांच्या तीन वर्षांच्या क्लोईला सांभाळते. घरचा नियम पक्का आहे: मुलीने टेबलावर बसून स्वतःच्या हाताने खायचं. नाही खाल्लं तर ताट उचलायचं, आग्रह करायचा नाही.

आज दुपारी तिने ताट सरकवलं. काल रात्रीही जेवली नव्हती. मला राहवेना. मांडीवर घेतलं आणि माझ्यासाठी केलेला वरणभात चिऊचा घास, काऊचा घास करत सगळा भरवला.

मागे वळले तर दारात तिची आई! "नो वरीज, संध्याकाळी बोलू," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी जेवायला बसलो. आई काही बोलायच्या आत क्लोई खुर्चीवरून उतरली आणि माझ्यापुढे येऊन आऽ करून उभी राहिली. माझ्या हातात पावाचा तुकडा होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी भरवला.

आता खोलीत बसलेय. बाहेर तिचे आई-बाबा फ्रेंचमध्ये बोलतायत. मला त्यातलं फक्त माझं नाव कळतंय.

खरं सांगा, तुम्हाला नाही म्हणता आलं असतं?