संडासाजवळची खाट

रूपसिंग व्याह्यांना हे कळलं तर त्यांचं काय होईल, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. खरं तर काळजी माझ्या लेकीची, राखीची करायला हवी. सातवा महिना आहे तिला. पण तिची काळजी करायला लागले की मन फिरून तिच्या सासऱ्यांपाशीच येऊन अडतं.

पांढरकवड्याकडच्या एका तांड्यावर राखीचं सासर. जावई ट्रकवर, कधी नागपूर कधी हैदराबाद. घरात रूपसिंग आणि राखी, दोघंच. सासू लग्नाआधीच गेली. शेवटी शेवटी तिचे गुडघे धरले होते. रूपसिंग पहाटे तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नाल्याकडे न्यायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे. लोक हसायचे. एक दिवस त्यांनी कुदळ घेतली. घरामागे खडक लागला, म्हणून पुढच्या अंगणात, रस्त्याच्या बाजूला खड्डे खणले. बायकोला बसता यावं म्हणून आत उंच ओटा बांधला. तांड्यातला तो पहिला संडास.

लोकांनी नाकं मुरडली. घरासमोर घाण, वास सुटेल! रूपसिंग वाद घालत बसले नाहीत. त्यांनी आपली खाट उचलली आणि संडासाच्या भिंतीला टेकवून टाकली. झोपणं तिथं, चहा तिथं, चार माणसांत बसणं तिथं.

"काहून रूपसिंग, जेवतो बी इथंच का?" शेजारच्या उकंडानं टोमणा मारला.

"हो. ये ना, तुले बी वाढतो. वास आला तं ताट सोडून जाजो."

उकंडा खरंच आला. दोनदा भाजी मागून घेतली आणि पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच्या अंगणात खड्डे खणले. मग एकेक घर करत तांडा बदलला. आज तिथं टमरेल घेऊन निघालेला माणूस दिसत नाही.

आम्ही घर बघायला गेलो तेव्हा मी आधी संडास आहे का ते विचारलं. शिकलेली आई ना मी! रूपसिंगांनी स्वतः दार उघडून दाखवलं. "पाहा इहीनबाई, तुमच्या पोरीले अंधारात जा लागणार नाही." सोयरीक मी तिथंच पक्की केली. दाराशेजारची खाटही पाहिली होती. तिचा काही अर्थ मनात आला नाही.

आमच्यात सून सासऱ्यापुढे पदर ओढते, त्याच्या समोरून जात नाही. रूपसिंग तर इतके मर्यादेचे की घरात शिरायच्या आधी दारात खाकरतात, सुनेला सावरायला वेळ मिळावा म्हणून. पण खाट अजून तिथंच आहे आणि आता वय झाल्यानं ते बहुतेक वेळ तिच्यावरच असतात. हातात बादली घेऊन त्यांच्या उशाशी असलेलं ते दार उघडणं राखीला जमत नाही. ते वावरात गेले तर जाते. नाहीतर अंधार पडायची वाट पाहते आणि मागच्या बाजूनं नाला गाठते. जावं लागू नये म्हणून पाणीच कमी पिते.

दिवाळीत आली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, लघवीत जंतू झालेत, भरपूर पाणी प्या. घरी येऊन तिनं मला सगळं सांगितलं. आणि मी, बी.ए. झालेली बाई, तिला म्हणाले, "थोडं सांभाळून घे. सासऱ्याला असलं कोणी सांगतं का?"

तिनं सांभाळून घेतलं. आज संध्याकाळी तिचा फोन आला. आईला आमच्यात याडी म्हणतात.

"याडी, अंगात ताप आहे वं. कंबर लई दुखून राह्यली."

"पाणी प्यालीस?"

"मामाजी आज दिवसभर खाटेवरच होते."

"जावयांना तरी बोललीस का?"

"बोलली ना. हसले. म्हणे, बाबा काय खाते का तुले?" मग हळूच म्हणाली, "मामाजीले काही सांगू नको. मले खावासं वाटते म्हणून बोरं आणून देतेत ते. त्याईले कायले दुखवतं?"

राखीचे वडील म्हणाले, "इवायाले संडासाचं बोलशील? सकाळी पाहू." आणि झोपले.

मला झोप नाही. रूपसिंगांना लाज वाटेल, हे खरं. साऱ्या तांड्याला त्यांनी सवय लावली आणि त्यांच्याच घरची सून नाल्यावर जाते. त्या माणसाला हे ऐकवायचं माझ्या जिवावर आलं, हेही खरं. पण त्यांची लाज राखता राखता मी माझीही राखत होते. त्याची झळ पोटुशी पोर सोसते आहे. तिला गप्प बसायला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

सकाळची वाट पाहायची नाही. ताप आहे, गाडी करा, आत्ताच दवाखान्यात न्या, हे आधी सांगेन. मग ते विचारतील, "काहून झालं असं, इहीनबाई?" तेव्हा शब्द गिळायचे नाहीत.

फोन राखीला नाही. व्याह्यांनाच लावते आहे.