शिंकेची गोळी आणि आमचे भाऊ

औषधाला आमच्या भाऊंइतका भिणारा माणूस साऱ्या विदर्भात नसेल, आणि हा माणूस हेलिकॉप्टर उडवतो म्हटलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. भाऊ म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. ढगांत शिरताना शांत असतात. पण डॉक्टरने रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळला की त्यांचे ओठ कोरडे पडतात. वैमानिकांची तपासणी जवळ आली की ते ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरवर येतात, मीठ सोडतात आणि बहिणीशी भांडणंही सोडतात. एका दिवाळीत हिने अनारसे पुढे ठेवले, तर खसखस पाहून त्यांनी ताट सरकवलं. "लघवीत अफू निघाली तर कोणाले सांगू, बहिणीनं अनारसे केलते म्हणून?"

गेल्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गडचिरोलीला होतो. भाऊ शिंकून शिंकून बेजार झाले होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून हिच्या आग्रहाखातर त्यांनी डॉक्टरने लिहून दिलेली गोळी घेतली आणि गाढ झोपले. सकाळी हेलिकॉप्टरच्या तळावरून फोन आला. पुराने वेढलेल्या एका गावात बाई बाळंतपणात अडली होती, आणि ड्यूटीवरचे पायलट तापाने पडले होते.

भाऊंचा चेहरा उतरला. "मी गोळी घेतली हाय. गुंगी येते त्यानं. मले उडवता येत नाई."

"सर, तुम्ही तर चांगले बोलून राह्यले," पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "कोणाले कळते?"

"मले कळते ना. नागपूरहून दुसरा पायलट बोलवा. आत्ताच."

त्यांनी फोन ठेवला.

"भाऊ, ती बाई गेली तर?" ही म्हणाली.

"अन् वर माझा डोळा लागला तर? ती बी जाईन, सोबतची नर्स बी जाईन." एवढं बोलून ते अंगणात जाऊन उभे राहिले. ढग खाली उतरत होते. आम्ही कोणी जेवलो नाही. दुपारी कधीतरी हेलिकॉप्टर घरावरून गेलं, आणि ते परतेपर्यंत भाऊंनी आभाळावरची नजर काढली नाही.

बाई वाचली. मुलगी झाली. संध्याकाळी भाऊ मला घेऊन दवाखान्यात गेले, पण वॉर्डाच्या दाराशीच थबकले. बाळाला घेऊन बसलेल्या आजीने विचारलं, "तुम्ही कोण जी?"

"कोणी नाई, बाई. पाह्याले आलतो."

परतताना गाडी मी चालवत होतो, ते काचेतून आभाळाकडे पाहत होते. मग म्हणाले, "पुन्हा असं झालं तरी मी नाईच म्हणन. पण आज लय भेव वाटलं."

मी गाडी जरा सावकाश चालवली.