बशीतला अर्धा चहा

दुसऱ्याच्या तब्येतीवर जळणारी माणसं जगात रगड आहेत. पण दुसऱ्याच्या तब्येतीसाठी स्वतःच्या बुडाखाली मूठभर सुपाऱ्या घालून बसणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या पतसंस्थेच्या नांदेड शाखेतले हेडक्लार्क. सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही. मी उमरीकडची, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. बी.कॉम. होऊन नोकरीच्या पहिल्या दिवशी ऑफिसात गेले तेव्हा वाटलं होतं, कुणी शिक्षण विचारेल, मार्क विचारेल. काकांनी विचारलं, "ताई, चालत आलात का ऑटोनं?" ऑटोनं, असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, जसं काही मी कॉपी करूनच पास झाले होते.

या वेडाचं मूळ कॅशियरच्या काचेच्या पिंजऱ्यात बसलेलं होतं, हे मला आठवडाभरात कळलं. अण्णा देगलूरचे, अंगानं भरभक्कम, काकांचे तीस वर्षांचे दोस्त, आणि शुगर अशी की डॉक्टरांनी पायाला साधी ठेचसुद्धा लागू देऊ नका म्हणून बजावलेलं. पण कुणी पथ्य सांगितलं की अण्णा त्याच दिवशी मुद्दाम जिलेबी मागवणार. "आरं, मरायचंच हाय तर खाऊन मरू की! उपाशी मेलो तर वर काय तोंड दाखवू?" तेव्हा काकांनी सांगणं सोडलं आणि ऑफिसच बदलायला घेतलं. एकट्या अण्णांसाठी काही केलं असतं तर अण्णांनी लगेच ओळखून उलटं केलं असतं, म्हणून पथ्य सगळ्या ऑफिसला. काकांचं म्हणणं असं, "ताई, माणसाला चांगलं सांगू नये. त्याच्या वाटंत आडवं टाकावं. पायाला लागलं की त्यो आपोआप वाकतो."

मग वाटेत काय काय आडवं आलं ते विचारू नका. प्रत्येकाच्या टेबलावरचा स्टेपलर गेला आणि सगळ्यांत मिळून एकच स्टेपलर पार टोकाच्या भिंतीला सुतळीनं लटकला. एक कागद टोचायचा तर उठून तिथं जायचं. कर्ज मागायला आलेली माणसं तो नवस बोलायचा देव समजून रांगेत उभी राहू लागली. पाण्याचा माठ व्हरांड्याच्या शेवटाला गेला, आणि त्याच्याजवळ पेला ठेवला बाळाला औषध पाजायच्या मापाचा. घोटभर पाणी यायचं, की परत तहान, की परत फेरी. सुपाऱ्यांचं तर मी सुरुवातीलाच सांगितलं. खुर्चीच्या गादीखाली सुपाऱ्या ठेवल्या की अर्ध्या तासानं टोचतात आणि माणूस उठतो, हा शोध. आधी स्वतःवर करून बघितल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही हा काकांचा नेम, त्यामुळं आठवडाभर ते बैलगाडीतून उतरल्यासारखे चालत होते. मग त्याच सुपाऱ्या अण्णांच्या गादीखाली गेल्या. अण्णा दुपारपर्यंत मजेत बसले, मग गादी उचलून बघितली, अडकित्ता मागवला आणि पिंजऱ्यातूनच ओरडले, "सुपारी ठिवायची ही जागा व्हय रे? बरं झालं, घरची संपलीच होती."

घुंगराचा प्रयोग मात्र अण्णांच्या मनाला लागला. काकांनी बैलाच्या गळ्यातलं घुंगरू पिंजऱ्याच्या दाराला बांधलं. अण्णा बाहेर आले की ते वाजायचं आणि आम्ही सगळ्यांनी मान वर करून "वा अण्णा!" म्हणायचं ठरलेलं. दोन दिवस अण्णा हसले. तिसऱ्या दिवसापासून ते पिंजऱ्याच्या बाहेरच येईनात; पाणीसुद्धा आत मागवायला लागले. काकांनी कुणाला न विचारता घुंगरू सोडलं. खिशात घालताना मला म्हणाले, "चुकलो, ताई. माणूस उठतो तवा त्याच्याकडं बघू न्हाई. बघितलं की त्यो बसतो."

मग लातूरच्या हेडऑफिसला जाग आली आणि कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी मोबाइलवर एक ॲप आलं. जास्त चालेल त्या शाखेला बक्षीस. ते सगळ्यांच्या फोनवर चढवायचं काम माझ्याकडं आलं, आणि खोटं कशाला बोलू, माझी मान जरा ताठ झाली. ॲपमधली बाई दर तासाला गोड आवाजात म्हणायची, "चला, उठा!" काका फोनकडं बघत म्हणाले, "उठा म्हणायला हिचं काय जातंय? हिला कुठं उठायचंय?" आमच्या लोकांनी त्यावर तोडगा काढला. शेजारी मिरची कुटायचा डंक होता. त्याच्या फळीवर सगळे फोन नेऊन ठेवायचे. डंक हादरला की फोनला वाटायचं मालक चालून राहिला. आमची शाखा सगळ्यांत पहिली आली. लातूरहून साहेब ढाल घेऊन आले, आणि त्यांनी फोटोसाठी माझा फोन हातात घेतला तो शिंका थांबेनात. काका हसले नाहीत. रिकाम्या पिंजऱ्याकडं बघत राहिले. अण्णा तेव्हा जेवायला गेले होते, ऑटोनं.

खरा शोध चहाचा होता, पण तो शोध आहे हे आम्हाला कळलंच नाही. आमच्याकडं चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणणं. म्हणून काकांनी चहा बंद केला नाही, एका कपात दोघं असा कायदा केला. टपरीवाल्याला सांगून चहा बिनसाखरेचा मागवायचा, आणि ज्याला पाहिजे त्यानं वाटीतली खडीसाखर टाकायची. अण्णांची जोडी कायम काकांशी. काका कपात तीन मोठे खडे टाकायचे, अण्णांना ऐकू जाईल असे वाजवून, आणि "पहिला मान पाव्हण्याचा" म्हणत लगेच अर्धा चहा बशीत ओतून काचेच्या खिडकीतून आत द्यायचे. अण्णा फुर्र करून प्यायचे. "हल्ली दुधात दम न्हाई राहिला बघ," अशी कुरकुर करायचे, आणि काका दूधवाल्याला मनापासून शिव्या घालायचे. उरलेला कप काका अण्णांच्या समोरच उभं राहून तळापर्यंत संपवायचे. गंमत म्हणजे या माणसाला गोडाचा तिटकारा. अर्धापूरचे असून पिकलं केळ खायचे नाहीत, कच्चं तळून खायचे.

अधूनमधून काका शुगर तपासणारा माणूस ऑफिसात आणायचे. एकेकाचं बोट स्वतः धरायचे, अण्णांचं तर हसत-खेळत, दोन शिव्या देऊन. स्वतःची पाळी आली की म्हणायचे, "मी घरी करून आलो." नेम मोडला तो एवढाच. स्वतःवर आधी करून न बघितलेली ती एकच गोष्ट.

मागच्या उन्हाळ्यात एके दुपारी त्यांना दरदरून घाम आला. "ऊन लागलं," म्हणाले. छातीत दुखतंय का विचारलं तर, "काई न्हाई हो ताई, नुसतं गळून गेल्यावानी होऊन राहिलं." लवकर घरी निघाले, आणि दारातून ऑटोला हात केला. मी त्यांना ऑटोत बसताना कधी पाहिलं नव्हतं. दिवेलागणीला अर्धापूरहून फोन आला. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर कधीपासूनची वाढलेली, आईलाही होती. अशा माणसाला हार्ट अटॅकची कळसुद्धा जाणवत नाही.

दहावा झाला, ऑफिस सुरू झालं, चहा आला. अण्णांची जोडी मोडलेली, म्हणून मी त्यांचा कप घेतला. तीन खडे टाकले, चमच्यानं चांगले विरघळवले आणि बशी आत दिली. अण्णांनी एक घोट घेतला आणि थांबले.

"ताई, किती टाकली?"

"तीनच. काका टाकायचे तेवढीच."

"लई गोड हाय. माझ्या वाट्याचा इतका गोड कधीच नव्हता." मग त्यांनी माझ्या हातातल्या कपाकडं, त्यातल्या चमच्याकडं पाहिलं. काका चमचा कधीच वापरत नव्हते, हे मला तेव्हाच आठवलं. न ढवळता वरचा चहा बशीत, आणि खडे खाली कपात. तळाशी साखर उरलेली दिसली असती तर अण्णांनी ओळखलं असतं, म्हणून ती पिऊन टाकायची. रोज. गोडाचा तिटकारा असलेल्या माणसानं.

अण्णांनी बशी खाली ठेवली आणि हिशेब मिटेपर्यंत मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडं गेले, स्वतःहून, आणि काका त्या साखरेनंच गेले का, हे विचारलं. डॉक्टरांनी समजावलं, अर्ध्या कपानं असं होत नाही. रोग घराण्यातला, आणि तपासलाच नाही म्हणून वाढला. मीही शिकलेली आहे, मला ते पटतं. अण्णांना पटत नाही. "डॉक्टर हुशार हाय," ते म्हणाले, "पण त्यो आमच्यात चहा पिलेला न्हाई."

आता नवीन मॅनेजरनं प्रत्येकाला स्टेपलर दिलाय. ते ड्रॉवरमध्ये पडून आहेत. अण्णा पेटीला कुलूप लावून पिंजऱ्यातून निघतात आणि टोकाच्या भिंतीपर्यंत चालत जातात, कागद असला तरी, नसला तरी. ते उठले की आम्ही सगळे खाली बघतो. चहाला ते कपात खडे टाकतात, वाजवून, आणि स्वतःच अर्धा बशीत ओतून घेतात. उरलेला कप कुणाला देत नाहीत. व्हरांड्याच्या टोकाला माठापाशी जाऊन चहा ओतून टाकतात आणि खडे भिंतीच्या कडेला मुंग्यांना घालतात.

परवा मी पाण्याला गेले तर ते तिथंच वाकून बघत उभे होते. मला बघून ओशाळले नाहीत.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. मुंग्यांना तर काई होत न्हाई ना, साखरेनं?"

"न्हाई, अण्णा."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि कप धुवायला नळाकडं चालत गेले.