मामांचं विलायती पिस्तूल

महागातली महाग वस्तू आणली की ती वापरायची अक्कल त्याच खोक्यातून सोबत येते, यावर माझ्या मामेसासऱ्यांइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस छत्रपती संभाजीनगरातच काय, अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. मूळचे पिशोरचे, नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात झाली, आता निवृत्त. मिशा अशा की अनोळखी माणसानं रस्ता सोडावा, आणि स्वभाव असा की मांजर आडवं आलं तर हेच थांबून त्याला म्हणतील, "जा बाई, तू आधी." मला ते जावईबापू म्हणतात. त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत एकच. "वस्तू घ्यायची तर एक नंबर, जावईबापू. हलक्या वस्तूनं हात बिघडतो."

आता, बिघडायला हात आधी धड असावा लागतो, आणि घोडं नेमकं तिथंच अडलेलं. मामांच्या हातून आजवर एक काम सरळ झालेलं नाही, हे सगळ्या पै-पाहुण्यांत जाहीर आहे. खिळा ठोकायला घेतला तर एक तर खिळा वाकणार, नाही तर बोट ठेचणार. माझ्या लग्नात ते हौसेनं वरणाची बादली घेऊन पंगतीत उतरले आणि माझ्या काकांच्या मांडीवर काढून ठेवलेल्या टोपीत गरम वरण वाढून पुढं गेले. तेव्हापासून कुठल्याही लग्नात मामांना खुर्ची मिळते, पान मिळतं, पण पळी कोणी हातात देत नाही. मामा यावर स्वतःच मोठ्यानं हसतात, आणि दोषाचं खापर पळीवर फोडतात. मग बाजारातून त्या कामाचं सगळ्यात भारी सामान येतं. गुलाबाची छाटणी करायची म्हणून परदेशी कात्री आली. तिनं गुलाब सोडून सगळं कापलं. गाणं शिकायचं म्हणून सागवानी पेटी आली. भाता असा सुरेख हलायचा की वा! पण सूर म्हणाल तर एक जागेवर पडेल तर शपथ. या सगळ्या वस्तू मागच्या खोलीत ओळीनं मांडून ठेवल्या आहेत. त्या खोलीला मामी म्युझियम म्हणतात, आणि पाहुणा आला की आग्रहानं दाखवतात.

एकदा मात्र गच्चीवर दोघंच बसलो असताना मामा एकदम म्हणाले, "लोकं हसतात त्याचं काय नाय हो. पण डोळे मिटायच्या आत एक तरी गोष्ट ह्या हातानं नीट व्हावी, असं लई वाटतं बघा." हात समोर धरून ते त्याच्याकडं असे पाहत होते, जसं नापास झालेल्या पोराकडं बापानं पाहावं. मी उठलो आणि चहाचं विचारलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पिस्तूल आलं. झालं असं की मामांनी टीव्हीवर नेमबाजी पाहिली आणि त्यांना साक्षात्कार झाला. "यात पळायचं नाय, नाचायचं नाय, नुसतं उभं राहायचं. उभं राहणं तर मला येतं!" पिस्तूल छर्ऱ्याचं, हवेवर चालणारं, स्पर्धेत वापरतात तसलं, थेट विलायती. किंमत मामींना कळू नये म्हणून मामांनी जी धडपड केली, तिच्यामुळंच ती मामींना कळली. मामी पदर खोचून म्हणाल्या, "एवढ्या पैशात करणार काय म्हणे? तर कागदाला भोक पाडणार. मग घरातलं दाभण काय वाईट होतं?" पण वस्तू देखणी, यात वाद नाही. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तिच्यात उजव्या हाताच्या एकेका बोटासाठी कोरलेली खाच, तळव्याला खालून टेका. उजवा हात आत घातला की हातमोज्यासारखी बसायची.

मामा खोकं मांडीवर घेऊन रिक्षानं नेमबाजीच्या रेंजवर गेले. सोबत मी. तिथले कादरी सर, शांत, पिकल्या दाढीचे, पोरांना वर्षानुवर्षं नेमबाजी शिकवणारे. त्यांनी खोकं उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे बाप रे! मामा, नवख्या माणसानं इतकी भारी चीज घ्यायचीच नसते. पहिले सहा महिने क्लबचं जुनं पिस्तूल चालवा. तुमचा हात कळू द्या, नजर कळू द्या, मग त्याच्या मापाचं घ्या. जरा इकडं या, कोणता डोळा चालतो ते तरी बघतो."

"हात बघायला तुम्ही ज्योतिषी आहात व्हय?" मामांनी फुशारकीनं विचारलं. "सर, मारायला सुरुवात करू द्या. हे पिस्तूल एक नंबर आहे."

पिस्तूल एक नंबर होतंच. छर्रे मात्र कागद सोडून भिंतीला लागत. मग मामांनी तपश्चर्या मांडली. रोज पहाटे हॉलमध्ये उभं राहून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रिकामं पिस्तूल रोखायचं. एका सकाळी दूधवाल्यानं उघड्या दारातून ते दृश्य पाहिलं आणि बिचारा किटली तिथंच टाकून पळाला. दिवाळीआधी जिल्ह्याची स्पर्धा होती, त्यात ज्येष्ठांच्या गटात मामांनी नाव घातलं, आणि आमच्या सगळ्या गोतावळ्याला यायचं आमंत्रण दिलं. मला धडकी भरली. वरणाची टोपी एका मांडवानं पाहिली होती. ही फजिती सगळं गाव पाहणार होतं. कादरी सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जावईसाहब, माणूस हिरा आहे. लेकिन हाथ काँपता है. काय करू?"

त्यात खंडेनवमी आली. घरातली अवजारं पुजायचा दिवस. विळी, पक्कड, स्कूटर यांच्या रांगेत मामांनी पाटावर पिस्तूल मांडलं, आणि एक नंबर वस्तूची पूजाही एक नंबर व्हावी म्हणून नळीच्या तोंडाशी मूठभर हळदकुंकू वाहिलं. वरून श्रद्धेनं तेलही सोडलं. पंचामृताची वाटी मामींनी वेळेत हिसकावून घेतली, एवढंच नशीब. दसऱ्यानंतर रेंजवर पहिला चाप ओढला तर समोर लाल फवारा उडाला आणि छर्रा आतच अडकला. कादरी सर बघतच राहिले. "ये क्या किया मामा? पिस्तुलाचं लगीन लावलं का?"

पिस्तूल दुरुस्तीला पुण्याला पाठवावं लागणार होतं. स्पर्धा चार दिवसांवर. मामांचा चेहरा इतका उतरला की मला पाहवेना. सरांनी क्लबचं जुनं पिस्तूल भरून टेबलावर ठेवलं. रंग उडालेलं, सपाट मूठ, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. "उचला. दुसरा इलाज नाही." मामांच्या उजव्या हातात त्यांचं खोकं होतं, छातीशी धरलेलं. खाली धूळ, टेबलावर धूळ, तिथं विलायती वस्तू ठेवायची कशी? म्हणून त्यांनी नाखुशीनं मोकळा डावा हात पुढं केला, पिस्तूल उचललं आणि कसं आहे ते बघायला समोर रोखलं.

तो हात हलला नाही. मी पाहत होतो. खांबाला खुंटी ठोकावी तसा तो हवेत उभा होता. कादरी सर हळूच म्हणाले, "मामा, अजिबात हलू नका. खोकं तसंच राहू द्या. मारा." मामांनी मारला. छर्रा काळ्या वर्तुळात, मधोमध. सरांनी पुन्हा भरून दिलं. पुन्हा काळ्यात.

"मामा," सरांनी विचारलं, "तुम्ही डावखुरे आहात?"

"नाय," मामा म्हणाले. मग उजव्या हातातल्या खोक्याकडं पाहत म्हणाले, "होतो. लहानपणी."

मग हसत हसत सांगितलं त्यांनी सगळं. डाव्या हातानं घास घेतला की त्यांचे वडील, आप्पा, तो हात पंच्याच्या तुकड्यानं मागं बांधून ठेवायचे. शाळेत गुरुजी बोटांवर पट्टी मारायचे. वर्षा-दोन वर्षांत हात सुधारला, घरात पेढे वाटले. मामा हसत होते, पण मला काही हसू येईना. पेटीचा भाता मला आठवला. तो डाव्या हातानं हलवतात.

स्पर्धेत मामा डाव्या हातानं उभे राहिले. पदक वगैरे काही मिळालं नाही, यादीत मधेच कुठंतरी नाव आलं. पण एकही छर्रा भिंतीला लागला नाही आणि एकही माणूस हसला नाही. पिस्तूल पुण्याहून लख्ख होऊन आलं. याला डाव्या हाताची मूठ मागवता येते, असं सरांनी सुचवलं, तर मामा म्हणाले, "राहू द्या सर. मला ते जुनंच बरं. त्याला माझा हात कळला." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक नंबर वस्तू नाकारली, आणि ते पिस्तूल म्युझियममध्ये पेटीशेजारी गेलं.

स्पर्धेनंतरच्या रविवारी मामा-मामी आमच्याकडं जेवायला आले होते. पिठलं-भाकरीचा बेत. ताट समोर आलं आणि मामांचा डावा हात पुढं झाला. भाकरीजवळ जाऊन थबकला. मामांनी एकदा दाराकडं पाहिलं, जणू तिकडून कोणी येणार होतं, आणि हात मागं घ्यायला लागले.

मामींनी त्यांच्या ताटातली पिठल्याची वाटी उजवीकडून उचलली आणि डावीकडं ठेवली.

"आप्पा असते तर..." मामा पुटपुटले.

"आप्पा नाहीत आता. जेवा, गार होतंय."

मामांनी डाव्या हातानं भाकरी मोडली. आम्ही सगळे खाली मान घालून आपापल्या ताटात पाहत राहिलो. जेवण होईपर्यंत पिठल्याचा एक थेंबही ताटाबाहेर सांडला नाही.