नापास नसलेली परीक्षा

फोन आला तेव्हा मी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढत होते. विमलताईंची मुलगी माधुरी बोलत होती. "मावशी, आई दुपारी जरा पडते म्हणाली... उठलीच न्हाई." खांद्यावरचे कपडे उन्हाने अजून गरम होते. खाली रस्त्यावरून भोकरदनकडे जाणारी जीप माणसं गोळा करत होती, आणि सगळं काही पाण्याखालून ऐकू यावं तसं लांबून येत होतं.

विमलताई गवई आमच्या जाफराबादच्या कॉलेजात गणित शिकवायच्या, मी मराठी. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर आले. मोजकेच होते, पण त्यांच्यासाठी खोलीला नवा रंग लागला, खिडक्यांना पडदे आले. चपला बाहेर काढून आत जायचं. दुपारी त्या निळसर अंधारात पंख्याची घरघर, मशीनचा बारीक गुणगुणाट आणि पडद्यांच्या फटीतून आलेली उन्हाची एक पट्टी... विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं.

मुलं जास्त, मशीन कमी. प्राचार्यांनी विमलताईंना सांगितलं, अकरावीच्या पोरांची एक परीक्षा घ्या, कुणाला कितपत येतं ते बघा आणि वर्ग पाडा. ताईंनी पहिला पेपर इतरांसारखाच काढला. व्याख्या लिहा, भाग सांगा, जोड्या लावा. त्यात केदारखेड्याहून येणारी रेखा नावाची मुलगी पहिली आली. ताईंनी कौतुकाने तिला मशीनपुढे बसवलं, तर तिने माऊस उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा मशीनच्या पडद्यासमोर धरला. बाकीची मुलं हसली. ताई हसल्या नाहीत. रेखाने व्याख्या गाइडातून पाठ केल्या होत्या, मशीन ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती.

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आल्या. "मराठीवाल्या बाई, माझा पेपर चुकला. पोरांना काय पाठ हाय ते कळलं, काय येतं ते न्हाई कळलं." मग आम्ही दोघींनी नवी परीक्षा बांधायला घेतली. लिहायचं काहीच नाही, फक्त करून दाखवायचं. मशीन सुरू करा. आपल्या गावाचं नाव टाइप करा. ते जपून ठेवा. सगळं बंद करा. आणि मग ते नाव पुन्हा शोधून काढा. एवढंच. सूचना पोरांना कळतील अशा लिहिणं माझ्याकडे होतं. कर्सरला काय म्हणावं यावर आमचे दोन चहा गार झाले. शेवटी 'लुकलुकणारी काडी' ठरलं आणि ताई स्वतःशीच हसत राहिल्या.

नव्या परीक्षेत रेखाला काहीच आलं नाही, आणि तिच्यासारखे पुष्कळ निघाले. प्राचार्यांचं म्हणणं, ज्यांना येतं त्यांनाच मशीन द्यावं, बाकीच्यांनी दुसरा विषय घ्यावा, उगाच मोडतोड नको. रेखाच्या वडिलांनी आधीच बजावलं होतं की जमलं नाही तर घरी बसायचं. ताई प्राचार्यांपुढे आवाज न चढवता बोलल्या. "सर, ही परीक्षा गाळायला न्हाई काढली. कुठून सुरू करायचं ते कळायला काढली. ज्याला येत न्हाई, त्याला मशीन आधी मिळंल." आणि ज्यांना येतं त्यांनी काय करायचं, असं सरांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "ते शेजारी बसतील, तोंडानं सांगतील. माऊसला हात लावायचा न्हाई." सर म्हणाले, दिवाळीपर्यंत करून बघा.

त्या दिवसांत वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. मशीनचे पडदे एकदम काळे व्हायचे, पंखा हळूहळू थांबायचा. ताई कुणाला उठू द्यायच्या नाहीत. डोळे मिटा म्हणायच्या आणि हळू आवाजात मशीनमधली वाट सांगायला लावायच्या... आता कुठं आहेस, काडी कुठं लुकलुकते, आता कुठं जाशील. कोपऱ्यातून एकेक आवाज यायचा. मी दाराशी उभी राहून ऐकायची. पोरं स्वप्नातल्या गावातून चालल्यासारखी बोलायची, आणि रेखा, जी मशीनवर पावलोपावली अडायची, ती डोळे मिटून एकही वळण चुकायची नाही.

दिवाळीआधी तीच परीक्षा पुन्हा घेतली. प्राचार्य मागे येऊन उभे होते. रेखाने इंग्रजी अक्षरांत केदारखेडा टाइप केलं, जपून ठेवलं, आणि तेवढ्यात वीज गेली. वीज आल्यावर रेखाने मशीन पुन्हा सुरू केलं. खोलीत फक्त तिच्या बोटांचा आवाज. मग ती वळून म्हणाली, "इथंच हाय, मॅडम. गेलं न्हाई."

प्राचार्यांनी पुन्हा कधी पोरं गाळायची गोष्ट काढली नाही. पुढे रेखा शिकली, जालन्यात नोकरीला लागली. ताई निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये हीच परीक्षा घेत राहिल्या.

गेल्या आठवड्यात ताईंच्या पश्चात त्यांच्या घरी गेले होते. त्यांचे यजमान, भाऊजी, एसटीतून निवृत्त झालेले, अबोल माणूस. त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं. टेबलावर ताईंचा घरचा कॉम्प्युटर चालू होता, समोर कुणी नव्हतं. भाऊजी जरा संकोचले. "मला यातलं काय बी येत न्हाई. चालू करायचं तेवढं तिनं दाखवल्तं. चहा झाला की ती इथं बसायची... मंग त्या टायमाला लावून ठेवतो."

आम्ही कापसाबद्दल, माधुरीच्या सासरबद्दल बोलत बसलो. थोड्या वेळाने कॉम्प्युटरचा पडदा आपोआप काळा झाला. भाऊजींनी बोलता बोलताच हात लांबवला, डुलकी लागलेल्या माणसाला हलवावं तसा माऊस हलकेच हलवला. पडदा उजळला. ते पुन्हा माझ्याकडे वळले, आणि चहा गार होतोय म्हणाले.