भिंतीतला जुना पाइप

"पाच स्टार म्हणाला होतास ना? मग मीटर का पळतंय एवढं?"

साळवे काकांनी वही माझ्यापुढं धरली. नवा एसी बसवून चार दिवस झाले होते. चारही दिवसांचं मीटर रीडिंग त्यात तासातासाला लिहिलेलं. काका वाळूजला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. नोकरी सुटली, तपासणी सुटली नव्हती.

मी गारखेड्यातल्या एका दुकानात एसी टेक्निशियन. वीस वर्षं झाली, कंप्लेंट ऐकायची सवय आहे. पण त्या खोलीत काकांची लेक प्रिया होती आणि तिचं बारा दिवसांचं बाळ. मे महिना, डोक्यावर तापलेला स्लॅब. बाळाच्या मानेवर घामोळं उठलेलं.

"रिमोट चोवीसवरच आहे, दादा," प्रिया म्हणाली. "पण खोली काही गार होईना."

एसीवरचे स्टार म्हणजे कमी विजेत मशीन किती थंडावा देते, याची सरकारी परीक्षा. ही परीक्षा दर काही वर्षांनी अवघड करतात, त्यामुळं जुन्या पाच स्टारची आणि आजच्या पाच स्टारची बरोबरी होत नाही. शिवाय आतलं युनिट, बाहेरचं युनिट आणि मधला योग्य मापाचा पाइप, एवढं सगळं जुळलं तरच ते स्टार घरात दिसतात.

मी क्लॅम्प मीटर लावला. हा वायरीभोवती अडकवायचा चिमटा, करंट दाखवतो. इन्व्हर्टर मशीन खोली गार झाली की वेग कमी करते. ही मात्र खोली तापलेली म्हणून एकसारखी धावत होती. प्रेशर बघितलं, गॅस कमी. चार दिवसांच्या मशीनचा गॅस कमी होतो, म्हणजे कुठंतरी गळतोय. बाहेरच्या जॉइंटना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही.

राहिली भिंत.

कंपनीचा नियम सरळ आहे: नवी मशीन, नवा पाइप. नव्या गॅसचं प्रेशर जुन्यापेक्षा बरंच जास्त असतं आणि पाइपचं मापही बदलतं. काकांचा जुना पाइप भिंतीत गाडलेला होता. बसवायच्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "भाऊ, कालच रंग दिलाय. बाळ यायचंय घरात. भिंत नको फोडू." आणि मी म्हणालो होतो, "चालतंय, काकू."

आता मशीन बंद केली. खिडक्या उघडल्या, प्रियाला बाळ घेऊन शेजारी पाठवलं, कारण हा गॅस थोडा ज्वलनशीलही असतो. मग उरलेला गॅस काढून घेतला आणि गळती तपासायला पाइपमध्ये नायट्रोजन भरला. प्रेशर गेजचा काटा हळूहळू खाली यायला लागला. भिंतीतला एक जुना जॉइंट गेला होता.

मी दुकानाच्या मालकांना, रफिकभाईंना फोन लावला.

"भाई, चूक माझी आहे. जुन्याच पाइपवर मशीन चढवली."

"मियाँ, बीस साल में यही सीखे? कमरे में बच्चा है!"

"खोली रिकामी केली, भाई."

"अब साळवेसाब को तुम खुद बताओ. मैं नहीं बताऊंगा."

सांगितलं. काकांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "कारखान्यात असा माल आला असता तर रिजेक्टचा लाल टॅग लावला असता मी."

"लावा, काका. दुसरी मशीन मागवतो."

"मशीनला नाय. तुला."

काकू मध्ये पडल्या. "मीच नको म्हणाले व्हते. फोड बाबा आता. भिंतीला काय, परत रंगवू."

खरं तर फार फोडावंही लागलं नाही. युनिटच्या मागं एक भोक पाडलं आणि नवा पाइप बाहेरच्या भिंतीवरून नेला. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं; पण होकार देऊन मोकळं झालं की माणूस विचार करत नाही. व्हॅक्यूम करून पाइपमधली हवा काढली, गॅस मोजून भरला. पाच वाजेपर्यंत खोली गार झाली आणि मशीननं आपणहून वेग कमी केला. प्रियानं बाळाला आणून झोपवलं. ते सलग झोपलं.

काकांनी चिमट्यावरचा आकडा दोनदा वाचला. म्हणाले, "ओके." क्वालिटीवाल्याकडून याहून जास्त मिळत नाही.

आता कुणी नवा एसी मागितला की मी आधी पाइप कुठून गेलाय ते बघतो. भिंतीत असला तर पहिला प्रश्न विचारतो, "पेंटर ओळखीचा आहे का?" स्टारचं बोलणं त्यानंतर.